मावशींचं इंजेक्शन आधी, आईची गोळी मग

प्रश्न : माझी आई ६७ वर्षांची आहे. दोन महिन्यांपूर्वी घरातच पाय घसरून पडली आणि मनगटाचं हाड मोडलं. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करायला लावली. कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडाशी ताडून बघितलेला घनतेचा आकडा, उणे २.९ आला. त्यांनी आठवड्यातून एकदा घ्यायची अ‍ॅलेन्ड्रोनेट ७० मिलिग्रॅमची गोळी, शिवाय कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लिहून दिलंय. आई गोळी घ्यायला तयार नाही. रक्तातलं कॅल्शियम ९.४ आहे, नॉर्मल आहे, मग हाडांची गोळी कशाला, असं तिचं म्हणणं. त्यात भावाने कुठेतरी वाचलं की या गोळीने जबडा सडतो आणि मांडीचं हाड आपोआप मोडतं. आईचा एक दात काढायचा आहे, त्यामुळे ती आणखीच धास्तावली आहे. तिला सकाळी अनशापोटी थायरॉइडची गोळी असते आणि अ‍ॅसिडिटीसाठी पॅन्टोप्रॅझोल कित्येक वर्षं चालू आहे. गोळी सुरू करावी की नाही?

ता. क. : धाकट्या मावशीला दर सहा महिन्यांनी डेनोसुमॅबचं इंजेक्शन असायचं. दोन वर्षं घेतलं. आता रिपोर्ट सुधारला म्हणून तिने या वेळचं घेतलंच नाही. शेवटचं घेऊन आठ महिने होत आले, त्रास काही नाही. आईलाही गोळीऐवजी तेच द्यावं का?

उत्तर : तुमच्या पत्रातली खरी घाईची गोष्ट ता. क. मध्ये आहे, म्हणून शेवटून सुरुवात करते. आईची गोळी आणखी काही आठवडे उशिरा सुरू झाली तर फारसं बिघडणार नाही. मावशींचं तसं नाही. हे वाचून झालं की आधी त्यांना फोन करा, आणि ज्यांनी इंजेक्शन लिहून दिलं त्या डॉक्टरांची याच आठवड्यातली वेळ घ्यायला सांगा.

हाड पोखरणाऱ्या पेशींना, म्हणजे ऑस्टिओक्लास्टना, तयार व्हायला रँक-एल नावाच्या एका प्रथिनाचा इशारा लागतो. डेनोसुमॅब त्या प्रथिनालाच धरून ठेवतं. इशारा पोचत नाही, आणि झीज जवळजवळ थांबते. औषध म्हणून ते उत्तम आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत तीन वर्षांत मणके मोडण्याचं प्रमाण ६८ टक्क्यांनी आणि खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण ४० टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. अडचण अशी की त्याचा सगळा जोर ते शरीरात आहे तोवरच असतो. हाडात ते साठून राहत नाही. सहा महिने उलटले की असर उतरू लागतो, आणि तोवर दबून राहिलेल्या पेशी एकदम कामाला लागतात. झीज औषधाआधी होती त्याहून जास्त वेगाने होते. कष्टाने कमावलेली घनता वर्ष-दीड वर्षात निघून जाऊ शकते.

घनतेचा आकडा घसरला एवढ्यावर निभावलं तर एक वेळ ठीक. पण या काळात काही जणींचे एकाच वेळी दोन-तीन किंवा त्याहून जास्त मणके दबतात. ना पडणं, ना मार, नुसतं वाकून काही उचलल्याचं निमित्त. औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकातच लिहिलेलं आहे की असे फ्रॅक्चर शेवटच्या डोसनंतर सातव्या महिन्यापासून आढळले आहेत. मावशी आठव्यात आहेत. 'त्रास काही नाही' याचा इथे काडीचाही उपयोग नाही, कारण मणका दबेपर्यंत त्रास होतच नसतो.

डॉक्टर काय करतील? मावशींना हे औषध पुढे चालू ठेवायचं असेल तर राहिलेलं इंजेक्शन शक्य तितक्या लवकर देतील. त्याआधी रक्तातलं कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि किडनी तपासतील. थांबवायचंच असेल तर त्याच्या पाठोपाठ दुसरं औषध देतील, बहुधा झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडची सलाइन किंवा तुमच्या आईला लिहून दिलंय तीच गोळी, म्हणजे झीज उसळी मारणार नाही. डेनोसुमॅबनंतर मोकळं सोडायचं नसतं, हा नियम आहे. आणि मावशींना गेल्या दोन महिन्यांत पाठीत नवीन दुखणं उठलं असेल, उंची कमी वाटत असेल, तर ते आपणहून सांगायला हवं. मणक्यांचा एक्स-रे काढावा लागेल.

रिपोर्ट सुधारला म्हणून औषध सोडणं ही फार सर्रास होणारी गोष्ट आहे, आणि मी त्यात मावशींना दोष देणार नाही. ताप उतरला की गोळ्या बंद, हीच सवय आपल्या सगळ्यांना लागलेली असते. माझं स्पष्ट मत आहे की हे इंजेक्शन लिहून देताना, पहिल्या डोसच्या आधीच, ते थांबवायचं कसं हे पेशंटला सांगायला हवं. पुष्कळदा ते सांगितलंच जात नाही.

आता आईकडे वळू.

रक्तातलं कॅल्शियम ९.४ आहे, ही चांगली बातमी आहे. पण ती हाडांबद्दलची बातमी नाही. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. रक्तात खेळतं ते एक टक्क्याहूनही कमी, आणि ते साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या पट्ट्यात राहावं म्हणून शरीर काहीही करायला तयार असतं, कारण हृदयाचे ठोके, स्नायूंचं आकुंचन, मज्जातंतूंचं काम सगळं त्यावर चालतं. पट्ट्याखाली घसरायला लागलं की मानेतल्या चार चिमुकल्या पॅराथायरॉइड ग्रंथी संप्रेरक सोडतात आणि हाडातून कॅल्शियम काढून रक्तात ओततात. रोजच्या खर्चाला तोटा पडू नये म्हणून घरातले दागिने एकेक करून मोडत राहावेत, तसला हा कारभार. बाहेरून बघणाऱ्याला घर व्यवस्थित चाललेलं दिसतं.

मग ती तपासणी केलीच कशाला, असं आई विचारतील. उत्तर असं की औषध देण्यापूर्वी दोन गोष्टींची खात्री करायची असते. कॅल्शियम कमी असेल तर झीज थांबवणारी औषधं ते आणखी खाली ढकलतात. ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या, हातापायात पेटके, फारच घसरलं तर झटके. म्हणून आधी कमतरता भरून काढायची, औषध नंतर. डेनोसुमॅबबाबत तर डायलिसिसवरच्या रुग्णांसाठी अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२४ मध्ये सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा जोडला आहे. उलट कॅल्शियम जास्त निघालं तर गोष्ट निराळी. तेव्हा पॅराथायरॉइड संप्रेरक तपासतात, कारण त्यातल्या एखाद्या ग्रंथीची गाठ हाडं पोखरत असेल तर त्यावर खरा इलाज शस्त्रक्रिया असतो, ठिसूळपणाची गोळी नव्हे. आणखी एक बारकावा : रक्तातलं जवळपास निम्मं कॅल्शियम प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला चिकटलेलं असतं, म्हणून अल्ब्युमिन कमी असेल तर कॅल्शियमचा आकडा खोटाच कमी दिसतो. आईचा आकडा पट्ट्याच्या मधोमध आहे, त्यामुळे या भानगडीत पडायची गरज नाही.

त्यांच्या बाबतीत औषधाची गरज ठरते ती दोन वेगळ्या गोष्टींवरून. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली गेला की त्याला ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा, म्हणतात, आणि त्यांचा उणे २.९ आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे उभ्या उंचीवरून पडून हाड मोडलं. निरोगी हाड तेवढ्याने मोडत नाही. असं एक फ्रॅक्चर झालेल्या माणसाला पुढचं होण्याची शक्यता वाढलेली असते, आणि पुढचं नेहमी मनगटावरच भागेल असं नाही. खुब्याचं हाड मोडलेली वयस्क व्यक्ती पुष्कळदा पूर्वीसारखी हिंडती-फिरती राहत नाही. गोळी त्यासाठी आहे. मोडलेलं मनगट तर जुळलंच.

अ‍ॅलेन्ड्रोनेट हे बिसफॉस्फोनेट गटातलं औषध. अमेरिकेत ऑस्टिओपोरोसिससाठी १९९५ पासून वापरात आहे, म्हणजे नवखं नाही. हाड हे आयुष्यभर मोडून पुन्हा बांधलं जात असतं. मासिक पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन आटतं आणि मोडणाऱ्यांचा हात बांधणाऱ्यांपेक्षा भारी होतो. हे औषध हाडाच्या खनिजाला जाऊन चिकटतं. पोखरणारी पेशी तिथे पोखरायला आली की औषध तिच्या पोटात जातं आणि ती निकामी होते. १९९६ सालच्या चाचणीत, ज्या स्त्रियांचा मणका आधी मोडलेला होता त्यांच्यात, खुब्याची आणि मणक्यांची नवी फ्रॅक्चर सुमारे निम्म्यावर आली.

आता भावाने वाचलेलं. खोटं नाही ते. अर्धवट आहे.

मांडीच्या हाडाचं आधी सांगते. बिसफॉस्फोनेट बरीच वर्षं घेतलेल्या काही लोकांत मांडीचं हाड मधोमध, क्षुल्लक कारणाने, आडवं मोडतं. हे खरं आहे. किती जणांत, हा प्रश्न आहे. कॅलिफोर्नियातल्या जवळपास दोन लाख स्त्रियांच्या नोंदींचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हिशेब असा निघाला : दहा हजार गोऱ्या स्त्रियांनी तीन वर्षं औषध घेतलं तर खुब्याची १४९ फ्रॅक्चर टळतात आणि मांडीची असली विचित्र फ्रॅक्चर दोन होतात. आशियाई वंशाच्या स्त्रियांत टळणारी ९१ आणि होणारी आठ. म्हणजे आपल्याकडच्या बायकांत धोका जास्त आहे हे मान्यच करायला हवं, आणि 'काही होत नाही हो' म्हणून तो उडवून लावणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण ९१ समोर आठ ठेवले तरी पारडं कुठे झुकतं ते भावालाही दिसेल. त्याच अभ्यासात असंही दिसलं की धोका औषधाच्या वर्षांबरोबर वाढतो, आणि औषध थांबवल्यावर झपाट्याने उतरतो. शिवाय हे फ्रॅक्चर बहुतेकदा सांगून येतं. आधी काही आठवडे किंवा महिने मांडीत नाहीतर जांघेत बोथट, ठणकणारं दुखणं असतं. तसं दुखू लागलं तर वातावर किंवा सायटिकावर ढकलून मोकळं व्हायचं नाही; 'मी हाडांची गोळी घेते' असं डॉक्टरांना सांगून दोन्ही मांड्यांचा पूर्ण लांबीचा एक्स-रे काढून घ्यायचा. दुसऱ्या मांडीचाही, कारण तिथेही तडा असू शकतो.

जबड्याच्या बातम्यांत दोन वेगळ्या डोसांची गल्लत झालेली असते. हाडात पसरलेल्या कॅन्सरच्या रुग्णांना याच गटातलं झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड ४ मिलिग्रॅम दर तीन-चार आठवड्यांनी देतात. ऑस्टिओपोरोसिसला ५ मिलिग्रॅम वर्षातून एकदा. २००३ पासून जबड्याचं हाड उघडं पडून न भरण्याच्या ज्या तक्रारी पुढे आल्या, त्या मुख्यतः पहिल्या गटातल्या. हाडांच्या ठिसूळपणासाठी दिल्या जाणाऱ्या डोसात हे प्रमाण वर्षाला दहा हजारांत एक ते लाखात एक इतकं धरलं जातं. तरी दात काढण्याचा संबंध आहेच, म्हणून तुमच्या आईच्या बाबतीत सोपी वाट अशी : दात आधी काढून घ्या, हिरडी नीट भरून येऊ द्या, मग गोळी सुरू करा. एवढ्या उशिराने हाडांचं काही बिघडत नाही. पुढे कधी दाताचं काम निघालं तर डेंटिस्टना गोळीबद्दल सांगायचं, आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही. रूट कॅनाल, सिमेंट भरणं, साफसफाई यांना काहीच आडकाठी नाही. आणि मावशींना डेनोसुमॅब पुन्हा सुरू झालं तर दात काढायचा म्हणून तो डोस लांबवायचा विचार कुणी परस्पर करू नये, का ते वर सांगितलंच आहे.

गोळी घेण्याची रीत मात्र कडक आहे, आणि या औषधाचं अर्धं यश तिच्यात आहे. अ‍ॅलेन्ड्रोनेट पोटातून एक टक्कासुद्धा रक्तात जात नाही. सोबत चहा, कॉफी, दूध, फळांचा रस काहीही गेलं तर तेही नाही. म्हणून आठवड्यातला एक वार ठरवायचा. सकाळी उठल्यावर, पोटात काही नसताना, पेलाभर साधं पाणी, साधारण २०० मिलिलिटर, आणि त्याबरोबर अख्खी गोळी. चघळायची नाही, चोखायची नाही, तोडायची नाही. मग किमान अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही आणि आडवं व्हायचं नाही. बसा, उभ्या राहा, घरात फिरा. गोळी अन्ननलिकेत अडकून राहिली तर तिथे जखम करते, हे आडवं न होण्याचं कारण. गिळताना दुखणं, छातीत नव्याने जळजळ, घास अडकणं असं काही झालं तर पुढची गोळी न घेता डॉक्टरांना कळवायचं.

थायरॉइडच्या गोळीचा पेच सुटण्यासारखा आहे. आठवड्यातला तो एकच दिवस वेगळा. सहाला अ‍ॅलेन्ड्रोनेट घेतली तर साडेसहा-सातला थायरॉइडची, मग पॅन्टोप्रॅझोल, आणि त्यानंतर अर्ध्या-एक तासाने नाश्ता. बाकी सहा दिवस जसं चालू आहे तसंच. गोळी विसरली तर दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यायची आणि पुढच्या आठवड्यापासून पुन्हा ठरलेला वार. एका दिवशी दोन कधीच नाहीत.

कॅल्शियमची गोळी मात्र सकाळच्या या वेळापत्रकात शिरताच कामा नये. ती थायरॉइडच्या गोळीला आतड्यात बांधून ठेवते. दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. थायरॉइडचा डोस वाढवत नेला तरी टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) खाली येत नाही, अशा कित्येक तक्रारींचं मूळ सकाळी एकत्र गिळलेल्या मूठभर गोळ्यांत असतं. लोहाची गोळी, सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिनसारखी अँटिबायोटिक्स यांच्याशीही कॅल्शियमचं जमत नाही. तेव्हा दुपारचं जेवण ही तिची जागा.

आणि ती पट्टी एकदा हातात घेऊन उलटून बघा. 'कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम' असं मोठ्या अक्षरांत असतं, आणि खाली बारीक अक्षरांत '५०० मिलिग्रॅम कॅल्शियमइतकं'. तो खालचा आकडा खरा. कार्बोनेटमध्ये ४० टक्के कॅल्शियम असतं, सायट्रेटमध्ये सुमारे २१. आईच्या वयाला आहार आणि गोळी मिळून दिवसाला साधारण १२०० मिलिग्रॅम पुरतं. आहारातून किती जातंय ते आधी मोजा, आणि उरलेलंच गोळीतून. एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या वर घेतलं तर शोषण घटतं. जास्तीचं कॅल्शियम हाडात जाऊन बसत नाही. बद्धकोष्ठ होतं, आणि गोळ्यांतून गरजेपेक्षा जास्त गेलं तर मुतखड्याची शक्यता वाढते.

तुमच्या आईला कार्बोनेट लिहून दिलं असेल तर एक गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घाला. कार्बोनेट विरघळायला पोटातलं आम्ल लागतं, म्हणून ते जेवणाबरोबर घेतात. आणि पॅन्टोप्रॅझोलचं काम नेमकं ते आम्ल कमी करण्याचं. सायट्रेटला आम्लाची अशी गरज नसते, त्यांना तेच बरं. त्याहून पुढचा प्रश्न : पॅन्टोप्रॅझोल इतकी वर्षं का चालू आहे? या गटातल्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांत फ्रॅक्चरचं प्रमाण थोडं जास्त आढळलेलं आहे. काहींना त्या खरोखर लागतात. पुष्कळांच्या मात्र कुणीतरी कधीतरी सुरू केल्या आणि बंद करायला कुणी सांगितलं नाही म्हणून चालू असतात. आई कोणत्या गटात बसतात ते विचारून घ्या, आणि बंद करायची ठरली तर तीही डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू. अन्ननलिकेचा जुना आजार असेल तर तेही आताच सांगायला हवं, कारण मग अ‍ॅलेन्ड्रोनेटच त्यांच्यासाठी योग्य राहणार नाही.

ड जीवनसत्त्वात घोळ होतो तो रोज आणि आठवडा यांत. ६०,००० युनिटची कॅप्सूल किंवा पुडी आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे घ्यायची असते. ती रोज घेतली की काही आठवड्यांत कॅल्शियम वर चढतं : मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, वारंवार लघवी, वयस्कांत गोंधळलेपण, शेवटी किडनीवर ताण. घरातले म्हणतात वयामुळे असेल. 'एकदाच भरपूर घेऊन टाकू' हाही मार्ग नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट देऊन पाहिलं, २०१० मध्ये निष्कर्ष आले, आणि त्या बायका कमी नव्हे तर जास्त पडल्या, हाडंही जास्त मोडली. कॅल्शियमच्या काही गोळ्यांत साध्या ड जीवनसत्त्वाऐवजी कॅल्सिट्रिऑल असतं. ते तयार, सक्रिय रूप. किडनी बिघडलेल्यांना किंवा पॅराथायरॉइड संप्रेरक कमी असलेल्यांना त्याची गरज असते. बाकीच्यांनी 'जास्त ताकदीचं' समजून ते घेऊ नये. पट्टीवर ते नाव दिसलं तर विचारा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, गोळीऐवजी इंजेक्शन. माझं मत : नको, निदान पहिलं औषध म्हणून नको. अ‍ॅलेन्ड्रोनेटचा मोठा गुण असा की ते हाडात वर्षानुवर्षं टिकून राहतं, त्यामुळे ते थांबवता येतं. पाच वर्षं घेतलं, पुन्हा हाड मोडलं नाही, खुब्याची घनता बरी आहे, असं असेल तर काही काळ सुट्टी देतात. सुट्टीतही थोडा असर उरतो, आणि मांडीच्या त्या फ्रॅक्चरचा धोका कमी होत जातो. डेनोसुमॅबला अशी सुट्टीच नाही. किडनीची गाळण्याची क्षमता मिनिटाला ३५ मिलिलिटरच्या खाली असेल तर अ‍ॅलेन्ड्रोनेट देत नाहीत, तिथे डेनोसुमॅबचा उपयोग आहे. पण मग तारीख चुकणार नाही याची जबाबदारी घरातल्या कुणीतरी घ्यायची. गोळीची शिस्त जमत नसेल किंवा पोटाला सोसत नसेल तर डेनोसुमॅबच्या आधी झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचा विचार व्हावा. वर्षातून एकदा, किमान पंधरा मिनिटं चालणारी सलाइन. पहिल्या वेळी दोन-तीन दिवस ताप आणि अंगदुखी होते, पॅरासिटामॉलने भागतं. भरपूर पाणी पिऊन जायचं. त्यालाही किडनीची तीच अट.

बाकी औषधांची नावं कुणी सुचवली तर ओळख असावी म्हणून थोडक्यात. टेरिपॅराटाइड आणि रोमोसोझुमॅब ही हाड नव्याने बांधायला लावणारी औषधं. पहिलं रोज टोचायचं, सहसा दोन वर्षांपर्यंत, दुसरं महिन्यातून एकदा, बारा महिने. बरेच मणके मोडलेल्यांसाठी ती आधी वापरतात, आणि दोन्हींनंतर झीज रोखणारं औषध लागतंच. रोमोसोझुमॅब वर्षभरात हार्ट अ‍ॅटॅक किंवा पक्षाघात झालेल्यांना देत नाहीत. रॅलॉक्सिफेन मणक्यांना जपतं, खुब्याला जपल्याचं सिद्ध झालेलं नाही, आणि पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. कॅल्सिटोनिनचा नाकात मारायचा फवारा कुणी सुचवला तर नम्रपणे नाही म्हणा. दीर्घ वापराने कॅन्सरचा धोका किंचित वाढतो असं दिसल्यावर युरोपच्या नियामकाने २०१२ मध्येच ऑस्टिओपोरोसिससाठी तो बंद करायला सांगितलं.

आणि औषध काहीही असो, पडणं टळायला हवं. आईला झोपेची गोळी असेल, रक्तदाबाच्या गोळीने उठताना भोवळ येत असेल, चष्म्याचा नंबर जुना झाला असेल, तर तेही याच भेटीत निघू द्या.

डेक्सा पुन्हा साधारण दोन वर्षांनी, शक्यतो त्याच यंत्रावर; दोन वेगळ्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. तेव्हा उणे २.९ चा उणे २.८ झाला किंवा उणे २.९ च राहिला तर आई 'काही फरक नाही' म्हणतील. घट थांबली असेल तर गोळी तिचं काम करते आहे. मधल्या काळात नवं हाड मोडलं किंवा घनता ठळकपणे घसरली, तर आधी गोळी खरोखर ठरल्या रीतीने पोटात जातेय का ते बघा, आणि मगच औषध बदलायचं बोला.